सात देशांचा सराव, पाच देशांच्या तुकड्या: औंधच्या २०१८ च्या प्रकरणाचा अभ्यास

सोमवार, १० सप्टेंबर २०१८. पुण्यात औंधच्या लष्करी तळावर 'मिलेक्स-१८' हा सराव सुरू झाला. बंगालच्या उपसागराशी जोडलेल्या सात देशांची जी बिमस्टेक नावाची संघटना आहे, तिच्या सदस्य देशांच्या सैन्यांचा हा पहिलाच संयुक्त सराव. विषय होता निमशहरी भागात लपलेल्या दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई. प्रत्येक देशाने पाच अधिकारी आणि पंचवीस जवान पाठवायचे, आठवडाभर एकत्र राहून एकमेकांच्या पद्धती शिकायच्या आणि शेवटी मिळून एक कारवाई करून दाखवायची, असा बेत होता. भारत, बांगलादेश, भूतान, म्यानमार आणि श्रीलंका यांच्या तुकड्या मैदानात उतरल्या. थायलंडने निरीक्षक पाठवले. नेपाळची तुकडी आली नाही. सराव दोन दिवसांवर आला असताना काठमांडूने तिला थांबवलं होतं.

त्या आठवड्यात पुण्याचं लक्ष दुसरीकडे होतं आणि ते साहजिकच होतं. १३ तारखेला गणेश चतुर्थी होती. रस्त्यारस्त्यावर मांडव पडले होते, ढोलपथकांच्या तालमी अंतिम टप्प्यात होत्या. त्यामुळे आपल्या शहरात घडलेलं हे प्रकरण पुणेकरांच्या फारसं लक्षात राहिलं नाही. मी ते संरक्षणशास्त्राच्या वर्गात मुद्दाम शिकवते. शांतता आणि सुरक्षेसाठीचं आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कची सुरक्षा परिषद येते, नकाराधिकार येतो, मोठ्या देशांची भांडणं येतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. मैदान तयार होतं, सैन्यं तयार होती, कोणाचं कोणाशी युद्ध नव्हतं, हेतूबद्दल तक्रार करावी असंही काही नव्हतं. तरीही सख्ख्या शेजाऱ्याची तुकडी आली नाही. सहकार्य नेमकं कुठे अडतं हे शिकायला याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. नेपाळ ऐन वेळी फिरला, चीनच्या नादी लागला, असं तेव्हा आपल्याकडे बरंच बोललं गेलं. कागदपत्रं आणि तारखा नीट लावून पाहिल्या तर वेगळं चित्र दिसतं. दोन लष्करांमधलं ठरणं दोन सरकारांमधल्या ठरण्याच्या पुढे धावलं, आणि ज्या संघटनेच्या नावाने हे सगळं चाललं होतं तिच्याकडे तोपर्यंत स्वतःची सनदसुद्धा, म्हणजे कामाचे नियम ठरवणारा मूळ करारसुद्धा, नव्हता.

सार्क थांबली, बिमस्टेक पुढे आली

बिमस्टेकचा जन्म ६ जून १९९७ चा, बँकॉकमधला. सुरुवातीला बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि थायलंड हे चारच देश होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्यानमार आला, २००४ मध्ये नेपाळ आणि भूतान. व्यापार, वाहतूक, ऊर्जा, पर्यटन, मत्स्यव्यवसाय अशा विषयांसाठी ही संघटना उभी राहिली. पुढे विषय वाढत चौदा झाले आणि त्यांत दहशतवाद व आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीविरोधी सहकार्यही आलं. त्या विषयाचं नेतृत्व भारताकडे होतं. पण कामाची गती फार मंद. ढाक्यातलं कायमचं सचिवालय सुरू व्हायला २०१४ साल उजाडलं. दहशतवादविरोधी करारावर २००९ मध्ये सह्या झाल्या, तो अमलात यायला मार्च २०२१ उजाडला. म्हणजे औंधमध्ये सराव सुरू होता तेव्हा हा करार कागदावर होता, लागू नव्हता.

मग २०१८ मध्ये एकदम सैन्यं एकत्र आणण्यापर्यंत मजल कशी गेली? याचं उत्तर सप्टेंबर २०१६ मधल्या उरीच्या हल्ल्यात आहे. त्यानंतर सार्कची, म्हणजे पाकिस्तानसह दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादला व्हायची शिखर परिषद बारगळली. ऑक्टोबरमध्ये गोव्यात ब्रिक्सची बैठक होती, तिथे भारताने शेजारी म्हणून बिमस्टेकच्या नेत्यांना बोलावलं. मार्च २०१७ मध्ये दिल्लीत बिमस्टेक देशांच्या राष्ट्रीय सुरक्षा प्रमुखांची पहिली बैठक झाली. दिल्लीचा विचार सरळ होता: ज्या टेबलावर पाकिस्तान आहे तिथे दहशतवादावर काम होणार नाही, तर ज्या टेबलावर तो नाही तिथे करू. पठाणकोट आणि उरी सोसलेल्या देशाने असा विचार करणं मला गैर वाटत नाही.

काठमांडूतून मात्र हेच दृश्य निराळं दिसत होतं. सार्कचं सचिवालय काठमांडूत आहे. २०१४ च्या काठमांडू परिषदेपासून सार्कचं अध्यक्षपद नेपाळकडे होतं, आणि पुढची परिषदच न झाल्याने ते त्याच्याकडेच राहिलं. सार्क बाजूला पडणं म्हणजे नेपाळसारख्या छोट्या देशाला ज्या एका प्रादेशिक व्यासपीठावर बरोबरीचं आणि मानाचं स्थान होतं ते जाणं. बिमस्टेक हवी, पण सार्कच्या जागी नको, असा नेपाळचा सूर होता. अशा वेळी बिमस्टेकच्या नावाने सैनिक एका रांगेत उभे राहिले, तर ती रांग कोणाविरुद्ध आहे हा प्रश्न तिथे विचारला जाणारच होता.

तारखांचा हिशेब

३० आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला बिमस्टेकची चौथी शिखर परिषद झाली, तीही काठमांडूतच. यजमान पंतप्रधान के. पी. शर्मा ओली. तिथल्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितलं की सप्टेंबरमध्ये भारत बिमस्टेक देशांचा लष्करी सराव आणि लष्करप्रमुखांची परिषद भरवणार आहे. लष्करी पातळीवरची तयारी त्याआधीच चालू होती आणि नेपाळी सेनाही त्यात होती. पण नेपाळमध्ये सर्वसामान्यांना आणि राजकीय पक्षांतल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट प्रथम कळली ती या भाषणातून. सत्ताधारी पक्षातूनच प्रश्न सुरू झाले: मंत्रिमंडळाने हे कधी ठरवलं? संसदेत कधी आलं? बिमस्टेक लष्करी संघटना कधीपासून झाली?

८ सप्टेंबरला, शनिवारी, ओलींच्या कार्यालयाकडून जाहीर झालं की नेपाळ या सरावात भाग घेणार नाही. १० तारखेला सराव सुरू झाला. १५ तारखेला पुण्यात लष्करप्रमुखांची परिषद झाली, १६ ला समारोप. नेपाळचे नवे सेनाप्रमुख पूर्णचंद्र थापा याच आठवड्यात पदावर आले होते. तेही पुण्याला आले नाहीत. आणि १७ सप्टेंबरला चीनमध्ये चेंगडू इथे नेपाळ आणि चीन यांचा 'सगरमाथा मैत्री' हा सराव सुरू झाला. पुण्यातला समारोप आणि चेंगडूतला शुभारंभ यांत एका रात्रीचं अंतर.

या शेवटच्या तारखेने घात केला. पुण्याला नाही म्हणायचं आणि दुसऱ्याच दिवशी चेंगडूत हजर व्हायचं, याचा अर्थ आपल्याकडच्या वाहिन्यांनी तिथल्या तिथे लावून टाकला. पण 'सगरमाथा मैत्री' हा दोन देशांमधला सराव होता आणि त्याचा पहिला भाग एप्रिल २०१७ मध्ये काठमांडूत झालेला होता. दोन देशांमधले सराव नेपाळ भारताशीही करतो, आणि त्यांची परंपरा चीनबरोबरच्या सरावापेक्षा कितीतरी जुनी आहे. 'सूर्यकिरण' या भारत-नेपाळ सरावाचा तेरावा भाग त्याच वर्षी मे-जूनमध्ये उत्तराखंडात पिथौरागढला पार पडला होता. तेव्हा नेपाळी जवान आले, राहिले, सराव करून परत गेले. कोणी हरकत घेतली नाही.

म्हणजे अडचण भारताबरोबर सराव करण्याची नव्हती. मग कशाची होती?

वर्गातलं मंत्रिमंडळ

हा प्रश्न मी मुलांना सोडवायला देते. वर्गाचे दोन भाग करते. एक भाग दिल्लीचा, दुसरा काठमांडूचं मंत्रिमंडळ. दोघांनाही तेच कागद: १९९७ ची बँकॉक घोषणा, चौदा विषयांची यादी, २०१७ च्या सुरक्षा प्रमुखांच्या बैठकीचा तपशील, मोदींच्या भाषणाचा उतारा. दिल्लीच्या बाकांवर नेहमी जास्त हात वर होतात. एका वर्षी काठमांडूच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ कागद चाळत होती. मग तिने विचारलं, "मॅडम, तुकडी पाठवायची तर मंत्रिमंडळाच्या ठरावात काहीतरी लिहावं लागेल ना? कुठल्या कराराच्या कुठल्या कलमाखाली पाठवतोय म्हणून लिहू?"

दिल्लीच्या बाजूने उत्तर आलं: दहशतवादविरोधी सहकार्याखाली. ती म्हणाली, "पण त्यात गुप्त माहितीची देवाणघेवाण आहे, पैशांचे व्यवहार आहेत, अमली पदार्थ आहेत, कायदे आणि पोलीस आहेत. सैन्य कुठंय?" सगळ्यांनी कागद पुन्हा चाळले. सैन्य कुठेच नव्हतं.

प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. बिमस्टेकच्या दहशतवादविरोधी कामाचे उपगट गृह, पोलीस, अर्थ आणि गुप्तचर खात्यांमधून चालायचे. बिमस्टेक देशांच्या संरक्षण मंत्र्यांची बैठक होण्याची पद्धत नव्हती. सनद नव्हती. काठमांडू परिषद नुकतीच झालेली असताना सात नेत्यांनी मिळून सराव मंजूर केल्याचं दाखवता येईल असा ठराव काठमांडूच्या हातात नव्हता. सगळे निर्णय एकमताने घ्यायचे अशी या संघटनेची रीत, आणि सरावाबाबतचं एकमत मात्र गृहीत धरलेलं. घरातल्या पोरांनी परस्पर लग्न ठरवावं आणि वडीलधाऱ्यांना छापलेली पत्रिका हातात पडल्यावर कळावं, तसं हे झालं.

दिल्लीच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. सरावाची तयारी अचानक झाली नव्हती, नेपाळी सेनेला सगळं माहीत होतं, हरकत होती तर आधी घ्यायची. ओली स्वतः शिखर परिषदेचे यजमान होते. घोषणा त्यांच्यासमोर झाली. तिथेच 'आम्हाला विचार करावा लागेल' असं म्हटलं असतं तर पुढचा मनस्ताप टळला असता. नेपाळच्या बाजूची ही ढिलाई मी नाकारत नाही. सराव तोंडावर आला असताना माघार घेतल्याने यजमानाचा आणि इतर पाहुण्यांचाही अवमान होतो. पण ढिलाई आणि दगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेना कोणाच्या हुकमात

भारत आणि नेपाळच्या सैन्यांमधलं नातं जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. भारताच्या लष्करप्रमुखांना नेपाळी सेनेचं मानद जनरलपद मिळतं आणि नेपाळच्या सेनाप्रमुखांना भारतीय लष्कराचं. १९४७ च्या भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या त्रिपक्षीय कराराने नेपाळी तरुण आपल्या गोरखा रेजिमेंटमध्ये भरती होत आले. तेव्हाचे आपले लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत स्वतः अकराव्या गोरखा रायफल्सचे. इतकी जवळीक असली की एका लष्कराचा होकार म्हणजे त्या देशाचा होकार, असं वाटायला लागतं. माझ्या मते चूक इथे झाली.

कारण नेपाळमध्ये सेना कोणाच्या हुकमात हा प्रश्न २००६ नंतरच्या राजकारणातला सगळ्यात हळवा प्रश्न आहे. सेना राजाची होती. राजेशाही २००८ मध्ये गेली. २००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान, माओवादी नेते प्रचंड यांनी सेनाप्रमुख रुक्मांगद कटवाल यांना हटवण्याचा आदेश काढला, राष्ट्रपतींनी तो फिरवला आणि प्रचंड यांनी राजीनामा दिला. त्यामागे भारत होता असा राग माओवाद्यांनी पुढे अनेक वर्षं धरला. २०१८ च्या मे महिन्यात ओलींचा पक्ष आणि प्रचंड यांचा पक्ष एकत्र येऊन नेपाळ कम्युनिस्ट पक्ष झाला होता. म्हणजे ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी सेनेवरच्या हुकमतीवरून सत्ता सोडली तेच आता सत्तेत होते. सेनेने परदेशात जाण्याचं ठरवलं आणि सरकारला ते नंतर कळलं, असं चित्र त्यांना चालणं शक्यच नव्हतं.

त्यात सरावाचा विषय दहशतवाद. १९९६ ते २००६ ही दहा वर्षं नेपाळ यादवीत होरपळला. २००१ मध्ये तिथल्या सरकारने माओवाद्यांना दहशतवादी जाहीर करून त्यांच्याविरुद्ध सेना उतरवली होती. त्याच माओवाद्यांपैकी कितीतरी जण २०१८ मध्ये खासदार आणि मंत्री होते. आपल्याला काश्मीर आणि मुंबई आठवते, तिथे लोकांना आपलीच खेडी आठवतात. आणि २०१५-१६ ची नाकाबंदी तर अगदी ताजी होती. भूकंपाने घरं पडल्यावर काही महिन्यांत सीमेवर इंधन आणि औषधांचे ट्रक अडले. आंदोलकांनी वाट अडवली असं भारताचं म्हणणं होतं. नेपाळमध्ये त्याचा दोष भारतालाच दिला गेला. त्या दिवसांच्या आठवणीवर ओलींनी पुढची निवडणूक जिंकली होती.

बहुराष्ट्रीय सरावांचंच नेपाळला वावडं आहे, असंही नाही. मार्च-एप्रिल २०१७ मध्ये काठमांडूजवळच्या पाँचखाल इथल्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्रात 'शांती प्रयास' हा सराव झाला, त्यात २८ देश होते. तो अमेरिकेच्या मदतीने झाला होता. पण त्यावर छत्र होतं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्याचं. शांतिसेनेत जवान पाठवण्यात नेपाळ जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. निळ्या टोपीखाली नेपाळी जवान कोणाहीबरोबर उभा राहतो. प्रादेशिक गटाच्या लष्करी रांगेत उभं राहायला त्याचं सरकार कचरतं. हा फरक दिल्लीत आधी ओळखला गेला असता तर सरावाचा विषयच वेगळा निवडता आला असता.

याच तळावर दोन वर्षांपूर्वी

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. याच औंध तळावर मार्च २०१६ मध्ये 'फोर्स-१८' हा सराव झाला होता. आग्नेय आशियातल्या आसियान संघटनेचे दहा देश आणि त्यांच्याशी जोडलेले आठ: भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. २ ते ८ मार्च. त्या वेळी दक्षिण चीन समुद्रावरून चीन, व्हिएतनाम आणि फिलिपिन्स यांच्यात कमालीचा तणाव होता, फिलिपिन्सचा चीनविरुद्धचा खटला हेगच्या लवादापुढे चालू होता. तरी सगळे आले. भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडी घेऊन उतरलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. २००६ मध्ये त्यांनी काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात काम केलं होतं.

विषय दोन होते, शांतिकार्य आणि पेरलेले सुरुंग काढणं. सुरुंग काढण्याचं काम जवळून कसं असतं ते समजून घेण्यासारखं आहे. अरुंद पट्टी आखलेली असते. जवान पालथा पडतो, समोरची जमीन आधी डोळ्यांनी तपासतो, तारेसाठी हात हलकेच फिरवतो, धातू शोधणारं यंत्र फिरवतो, आणि मग लांब टोचणी जमिनीत तिरकी खुपसतो. साधारण तीस अंशांत, कारण सरळ खुपसली तर ती सुरुंगाच्या माथ्यावर दाबली जाईल, तिरकी गेली तर त्याच्या कडेला अडेल. दोन-तीन सेंटिमीटर पुढे, पुन्हा टोचणी. हातभर जमीन मोकळी करायला किती वेळ जातो हे पाहिलं की कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधल्या शेतकऱ्यांची अडचण समजते. या कामात कोणाविरुद्ध उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही. चिनी सैनिकाची टोचणीही त्याच कोनात जाते, अमेरिकन सैनिकाचीही.

आणि मुख्य म्हणजे त्या सरावामागे पायऱ्या होत्या. आसियान आणि आठ देशांच्या संरक्षण मंत्र्यांची बैठक २०१० मध्ये हनोईत सुरू झाली. तिच्याखाली विषयवार तज्ज्ञ गट नेमले गेले. सुरुंगविरोधी कामाचा गट २०१३ मध्ये जोडला गेला आणि त्याचं सहअध्यक्षपद भारताने व्हिएतनामबरोबर घेतलं. त्या गटाच्या बैठका झाल्या, मग पुण्याचा सराव झाला. तिथे आलेल्या प्रत्येक तुकडीच्या पाठीशी तिच्या संरक्षण मंत्र्याने मान्य केलेला कार्यक्रम होता. त्याच बैठकीखालच्या दुसऱ्या गटांनी पुढे मे महिन्यात ब्रुनेई आणि सिंगापूरमध्ये सागरी सुरक्षा आणि दहशतवादविरोधी सरावही केला. म्हणजे पायऱ्या नीट चढल्या तर दहशतवाद हा विषयही चालतो.

मार्च २०१९ मध्ये औंधलाच आफ्रिकी देशांबरोबरचा 'अफिन्डेक्स' सराव झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा. विषय तेच, सुरुंग आणि शांतिकार्य. एकाच तळावरच्या या सगळ्या सरावांत फक्त 'मिलेक्स-१८' च्या वाट्याला असा रिकामा कोपरा आला, यात मला योगायोग दिसत नाही.

मैदानात काय गमावलं

निमशहरी भागातल्या कारवाईत घरात शिरण्याचा क्षण सगळ्यात धोक्याचा. दारातून पहिला जवान आत जातो तो डावीकडे वळणार की उजवीकडे, दुसरा त्याच्या उलट बाजूला जाणार की मागोमाग, हे प्रत्येक सैन्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. दोन देशांचे जवान एकाच दारातून शिरले आणि दोघांची सवय वेगळी असली, तर ते आत एकमेकांवर आदळतात किंवा एकमेकांच्या नेमाच्या रेषेत येतात. ते सांगून जुळत नाही, पुन्हा पुन्हा एकत्र शिरूनच जुळतं. त्या आठवड्यात पाच देशांच्या जवानांना तशी संधी मिळाली. नेपाळी जवानांना ती मिळाली नाही, आणि त्यांच्याकडे दहा वर्षांच्या यादवीतला आणि शांतिसेनेतला जो अनुभव होता तो इतरांना मिळाला नाही. भारत आणि नेपाळमध्ये १७०० किलोमीटरहून लांब खुली सीमा आहे. उद्या त्या सीमेजवळच्या एखाद्या गावात खरोखर असा प्रसंग आला तर एकाच घराच्या दोन बाजूंना हीच दोन सैन्यं असतील. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या गोष्टीचं.

त्यातच १५ सप्टेंबरला पुण्यात बोलताना जनरल रावत यांनी म्हटलं की भूगोलामुळे नेपाळ आणि भूतान यांचा कल भारताकडे राहणारच, चीनशी होणारी जवळीक तात्पुरती असते आणि परिस्थितीनुसार बदलते. रावत यांच्या नेपाळविषयीच्या जिव्हाळ्याबद्दल मला शंका नाही. भूगोलाचं म्हणणंही खरं आहे. काठमांडूचा समुद्रमार्गे येणारा बहुतेक माल कोलकात्याच्या बंदरातून येतो. पण ज्या आठवड्यात शेजारी 'आम्हाला गृहीत धरू नका' असं कृतीतून सांगत होता, त्याच आठवड्यात तो कुठे जाणार आहे असं व्यासपीठावरून ऐकवणं मुत्सद्दीपणाचं नव्हतं. भूगोलाने व्यापाराची वाट ठरते, सैन्य पाठवण्याची संमती भूगोलाने मिळत नाही.

पुढे काय झालं

संबंध तुटले नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये जनरल थापा दिल्लीला आले आणि राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्यांना भारतीय लष्कराचं मानद जनरलपद दिलं. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातच बिमस्टेक देशांसाठी 'पॅनेक्स-२१' भरलं. यजमान पुन्हा भारतीय लष्करच, पण विषय होता महामारीच्या काळात आपत्ती आली तर मदतकार्य कसं करायचं, आणि सैन्याबरोबर नागरी यंत्रणाही होत्या. त्याला सदस्य देशांचे प्रतिनिधी आले, नेपाळचेही. २०१५ च्या भूकंपात भारतीय हवाई दलाची विमानं काही तासांत काठमांडूत उतरली होती, हे नेपाळी माणूस विसरलेला नाही. मदतीच्या विषयावर त्याला पुण्याला यायला अडचण वाटली नाही.

बिमस्टेकच्या सनदेवर मार्च २०२२ मध्ये कोलंबोत सह्या झाल्या आणि ती मे २०२४ मध्ये लागू झाली. विषय चौदावरून सातवर आणले गेले, सुरक्षेचं नेतृत्व भारताकडे आलं. वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आता कागदावर आहे.

पण आधी ठरवून नंतर विचारायची दिल्लीची सवय पूर्ण गेलेली नाही. जून २०२२ मध्ये भारताने अग्निपथ योजना आणली, चार वर्षांच्या सेवेची. ती गोरखा रेजिमेंटलाही लागू झाली. नेपाळने म्हटलं, १९४७ च्या करारात हे बसत नाही, आम्हाला सर्व पक्षांशी बोलावं लागेल. चार वर्षांनी लष्करी शिक्षण घेतलेले तरुण गावी परतल्यावर काय करतील ही तिथली काळजी होती, आणि यादवी पाहिलेल्या देशाला ती वाटणारच. नेपाळमधली भरती महामारीत थांबली होती, ती त्यानंतर पुन्हा सुरू झाली नाही. पोखरा आणि धरानच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या पोरांची भारतीय लष्कराकडे जाणारी दोन शतकांची वाट त्यामुळे बंद झाली. इथेही निर्णय आधी झाला आणि ज्याची संमती हवी होती त्याच्याशी सविस्तर बोलणं नंतर.

बिमस्टेकच्या तुकड्यांना औंधला पुन्हा बोलवायचं असेल तर दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. सातही देशांच्या संरक्षण मंत्र्यांची नियमित बैठक सुरू व्हावी आणि सरावाचा प्रस्ताव तिथे किमान वर्षभर आधी लेखी यावा, म्हणजे प्रत्येक सरकारला आपल्या संसदेत त्याचं उत्तर देता येईल. आणि पहिला विषय भूकंप, पूर किंवा सुरुंगांचा असावा, त्याचं सहअध्यक्षपद नेपाळकडे द्यावं. जून २०११ मध्ये नेपाळने यादवीतलं आपलं शेवटचं सुरुंगक्षेत्र मोकळं केलं आहे. ते काम केलेले लोक औंधला शिकवायला येऊ शकतात, आणि दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांच्याकडून शिकणारे आहेत.